मुरगूडकर, वैनी आणि दुसरा भाग

सायकल दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात एक डबा असतो. त्यात उरलेले नट, वाकलेले स्पोक, कुठल्या सायकलची होती ते आठवत नाही अशी एखादी स्प्रिंग. फेकायचा म्हणून कुणी फेकत नाही, आणि मुद्दाम भरायला कुणी बसत नाही. तरी वर्षभरात तो काठोकाठ होतो! किश्श्यांचंही तसंच असतं. माझा डबा आता उचलवत नाही, म्हणून थोडा रिकामा करतो.

मी चौथीपर्यंत शिकलो. बोलायला हळू. दादू पैलवान म्हणायचा, "नानानं बोलाय सुरवात केली की च्या सांगायचा. त्येचं वाक्य संपतंय तवर कप धुऊन हुतोय!" म्हणून लिहिलेलं बरं. इथं कुणी मध्येच कप उचलत नाही.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत शौकतभाईंचं भाड्यानं सायकली देण्याचं दुकान होतं आणि मी तिथं मिस्त्री. ऐंशीनंतर लोकांनी मोपेडी घेतल्या, सायकली भाड्यानं जाईनात. तेव्हा शौकतभाईंनी मुंबईच्या एका कंपनीकडून व्हिडिओ गेमचं मशीन आणलं. कपाटाएवढं! मी म्हणालो, सायकलच्या मिस्त्रीला यातलं काय कळणार?

शौकतभाई म्हणाले, "नाना, तू जल्मभर दोन चाकं सांभाळलीस. ह्येला तर चाकंच न्हाईत!"

*

मशीनवर इंग्रजीत काहीतरी नाव होतं. ते मला आजही माहीत नाही.

खेळ मात्र सोपा. एक बुटका शेतकरी. डोक्यावर पसरट टोपी, झुपकेदार मिशा, पोट पुढं, हातात टोपली. अंगणात कोंबड्या पळत असायच्या. त्या धरून टोपलीत भरायच्या. मागं एक कोल्हा लागलेला असायचा, त्याला चुकवायचं. टोपली भरली की वरच्या कोपऱ्यात घराचं दार उघडायचं. आतून त्याची बायको बाहेर यायची, दोनदा हात हलवायची आणि आत जायची. दार बंद. मग पुढचा डाव.

पहिल्या दिवशी दादू पैलवान बघायला आला. दादू जुना कुस्तीगीर. तेव्हा त्याच्या म्हशी होत्या आणि तो पेठेत दूध घालायचा. काचेपाशी डोकं नेऊन तो ओरडला, "आयला, ह्यो तर मुरगूडचा पावणा! बाजारादिवशी एस्टीतनं असाच उतरतोय बगा, टोपली घिऊन!"

झालं. त्या दिवसापासून शेतकऱ्याचं नाव मुरगूडकर.

पुढं महिन्याभरात खरंच एक मुरगूडचा गृहस्थ सायकलच्या कामाला आला. त्यानं ते नाव ऐकलं आणि मशीनसमोर जाऊन उभा राहिला. मोठी टोपी, मोठ्या मिशा. आम्हाला वाटलं, आता हा चिडणार! त्यानं दोन डाव बघितले, मान हलवली आणि म्हणाला, "मानूस आमच्यातलाच हाय. पर कोंबड्या कागलच्या दिसत्यात. आमच्या अशा घावत न्हाईत!"

*

मुरगूडकरची बायको म्हणून ती वैनी. तिच्या अंगात लुगडं आहे की झगा, यावर पेठेत दोन गट होते. तिची उंची माझ्या करंगळीच्या नखाएवढी. लुगडं दिसणार कुठं आणि झगा दिसणार कुठं! पण वाद चालायचा.

एक मात्र सगळे पाळायचे. दार उघडलं की दुकानात कुणी बोलायचं नाही. शिवी तोंडात आली असली तरी गिळायची. दादू तर सदऱ्याचं वरचं बटण लावायचा आणि दार बंद झालं की पुन्हा काढायचा.

एकदा मी त्याला म्हणालो, "दादू, त्यांना तू दिसत न्हाईस."

"त्यांस्नी न्हाई दिसत," दादू म्हणाला. "पर मला त्या दिसत्यात की!"

*

आमच्या शेजारी हौसाक्का अंडी विकायची. घरच्या पंचवीस-तीस कोंबड्या. एक दिवस तणतणत आली, "काय रं ही कलकल! माज्या कोंबड्या बिथरल्यात. एवढं काय हाय त्या पेटीत?"

आम्ही दाखवलं. दादू खेळत होता. मुरगूडकर कोंबड्यांच्या मागं धावतोय, कोल्हा मुरगूडकरच्या मागं. हौसाक्कानं कमरेवर हात ठेवून बघितलं.

"अरं, कोंबडीच्या मागं कोन पळतंय? म्होरं जाऊन हुबा ऱ्हा!"

"आक्का, हे मशीन हाय. ह्यात डोस्कं लागतंय."

"सर बाजूला."

तिनं पदर खोचला आणि हँडल धरलं. मुरगूडकरला तिनं कोपऱ्यात उभं केलं आणि तसंच राहू दिलं. आम्ही म्हटलं, आक्काला हँडल कळलं नाही. एवढ्यात कोंबड्या आपल्या आपण कोपऱ्याकडं यायला लागल्या! एक आली, टोपलीत. दुसरी आली, टोपलीत. कोल्हा वेड्यासारखा अंगणभर फिरतोय. सहा डाव तिनं एका नाण्यात काढले. दादूची आजवरची मजल चौथ्या डावापर्यंत होती.

सातव्या डावात कोल्ह्यानं धरलं. हौसाक्कानं पदर सोडला आणि जाता जाता म्हणाली, "कोल्ह्याला बी कुनीतरी जेवाय घाला. उपाशी हाय म्हून पळतंय ते!"

*

दादूच्या हातात हँडल उपटून आलं, तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. नेमका कोल्हा जवळ आला होता. दादूनं डाव्या बाजूला अशी ओढ मारली की अख्खं हँडल बुडासकट बाहेर! तो ते हातात धरून उभा राहिला आणि मला म्हणाला, "नाना, कोल्हा मेला का?"

कंपनीला कळवलं असतं तर माणूस यायला पंधरा दिवस लागले असते. मी माझा डबा उपडा केला. सायकलच्या सीटची स्प्रिंग बसली. ब्रेकचा एक तुकडा कापून खाली लावला. वरची मूठ उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या लेथवाल्याकडनं पितळेची करून आणली. मागच्या फळीचं कुलूप हरवलं होतं, तिथं सायकलचं कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या कमरेच्या करगोट्याला.

आता सीटची स्प्रिंग म्हणजे अख्ख्या माणसाचं वजन पेलणारी. हँडल हलवायला खांद्यातनं जोर लागायचा. आमच्या लोकांना सवय झाली. पण पुण्याहून आलेला कुणाचा तरी जावई एकदा खेळायला उभा राहिला. दोन्ही हातांनी ओढून घामाघूम झाला आणि म्हणाला, "हे बिघडलंय."

दादू म्हणाला, "बिगडल्यालं न्हाई पावणं. दोन म्हैनं आमच्या तालमीत या, मग खेळा!"

*

हा किस्सा मी कधी कुणाला सांगितला नव्हता.

माझी मालकीण जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. ती असताना मी सकाळी सायकल काढली की ती उंबऱ्यात यायची आणि वळणापर्यंत बघत उभी राहायची. बोलायची नाही फारसं. आम्ही दोघंही तसेच.

दुपारी गिरणीचा एकचा भोंगा झाला की दुकान रिकामं व्हायचं. सगळे जेवायला जायचे. माझा डबा तिथंच असायचा. डबा उघडायच्या आधी मी एक डाव खेळायचो. एकच. टोपली भरायची, दार उघडायचं, वैनी हात हलवायच्या. मग मी भाकरी सोडायचो. हे कुणाला माहीत नाही असं मला वाटत होतं.

एके दिवशी दादूची दुधाची किटली दुकानात राहिली, ती न्यायला तो भोंग्यानंतर परत आला. मी मशीनसमोर होतो. दार उघडलेलं, वैनी बाहेर आलेल्या, आणि माझाही हात वर होता.

दादूचा आवाज एरवी चार गल्ल्यांत ऐकू जायचा. तो काही बोलला नाही. मागच्या पावली बाहेर गेला आणि पायरीवर उभा राहिला. तेवढ्यात कुणीतरी खेळायला आलं. बाहेरून दादू ऐकू आला, "आत जायाचं न्हाई. पाच मिंटं आत काम हाय."

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला तेव्हा तो आपण होऊन पायरीवर जाऊन बसला. मग रोजच. कसलं काम, ते त्यानं मला कधी विचारलं नाही!

*

एक दिवस शौकतभाई पळतच आले. "नाना! मुरगूडकरचा दुसरा भाग निघालाय! कंपनी धाडालीय!"

पेठेत आठवडाभर दुसरा विषय नाही. दुसऱ्या भागात काय असेल? हौसाक्काचं म्हणणं, "कोंबड्यांत काय ऱ्हातंय? आता म्हस घेतली आसंल." दादूला खात्री होती की पोरगा झाला असणार. "बारसं आसंल बगा!" मला एवढंच वाटत होतं की दार जरा मोठं केलं असलं तर बरं. वैनींना वाकून यावं लागायचं.

मशीन आलं. दादूनं नारळ फोडला. शौकतभाईंनी हार घातला. बटण दाबलं.

धडाधड गाणं सुरू झालं. रंग असे की डोळे दिपले. आणि मुरगूडकर आला तो हेलिकॉप्टरमधून! डोळ्यांवर गॉगल. टोपी गेलेली. टोपली गेलेली. वरून जाळं टाकून तो सोन्याच्या कोंबड्या उचलत होता. कोल्ह्याच्या हातात बंदूक.

"मिशा!" दादू ओरडला. "ह्येच्या मिशा कुठं हाईत?"

खरंच नव्हत्या. तुळतुळीत तोंड. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आमच्याकडं मिशा कधी काढतात, ते सांगायला नको.

"वडील गेलं आसतील," कुणीतरी हळू म्हणालं.

पहिला डाव संपला. दार उघडलं नाही. दारच नव्हतं. घरच नव्हतं! आकडे आले, गाणं वाजलं आणि दुसरा डाव सुरू. दादूनं हौसाक्काला पुढं केलं. नव्या मशीनचं हँडल लोण्यासारखं हलत होतं, तिनं बारा डाव काढले. वैनी आल्या नाहीत.

हौसाक्का म्हणाली, "मिशा काढल्यात, आनि बायको दिसंना. म्हंजे घरात..." आणि तिचं माझ्याकडं लक्ष गेलं. ती तिथंच थांबली.

नवं मशीन एकटंच बोंबलत होतं.

"म्हायेरला गेल्यात!" दादू एवढ्या मोठ्यानं म्हणाला की बाहेरची कुत्री उठली. "वैनी म्हायेरला गेल्यात. शौकतभाई, म्हायेर कुठलं त्यांचं?"

शौकतभाईंनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. "गडहिंग्लज."

"मग काय! येतील की. एस्टी हाय!"

*

खरी अडचण पुढं होती. नवं मशीन आलं की महिन्याच्या आत जुनं परत द्यायचं, असा कागद होता आणि त्यावर शौकतभाईंची सही होती. जुनं मशीन मुंबईला गेलं की मोडून त्याचे सुटे भाग काढणार, असंही कळलं.

त्या दिवशी टायर चढवताना माझ्या हातून एकाच चाकात तीनदा ट्यूब चिमटली.

पेठेनं मात्र ठरवलं. नव्या मशीनला कुणी हात लावायचा नाही. जुन्यापुढं ही रांग, आणि नवं एका बाजूला एकटंच गातंय. शौकतभाईंनी बाहेर खडूनं पाटी लिहिली, "येथे दुसरा भाग खेळला जात नाही." धंदा करणाऱ्या माणसानं स्वतःच्या दुकानावर अशी पाटी लावलेली मी दुसरीकडं कुठं बघितली नाही!

आवाजाचं बटण मी बंद केलं. पण मशीन चालू ठेवावं लागायचं, तसं कागदात होतं. वरची फळी चांगली ऊबदार व्हायची. हौसाक्काची एक तांबडी कोंबडी रोज येऊन तिथं बसायला लागली. एक दिवस तिनं तिथं अंडं घातलं.

हौसाक्का ते हातात घेऊन सगळ्यांना दाखवत होती. "बगा! एवढ्या मोठ्या पेटीत खरं म्हनावं असं एवढंच निगालं!"

*

मग कंपनीला पत्र लिहायचं ठरलं. लिहिणार कोण? मी. कारण भांडण सुरू असताना हात न थरथरणारा मी एकटाच, असं शौकतभाई म्हणाले.

दादू सांगायला लागला. हौसाक्का सांगायला लागली. शौकतभाई मध्ये मध्ये चांगले शब्द घालत होते. कोंबड्यांची जात, मिशांचा अपमान, हेलिकॉप्टरचा निषेध, कोल्हापूरची इज्जत! अर्धा तास बोलले असतील. मी लिहितो हळू. सगळ्यांचं सांगून झालं तेव्हा माझ्या कागदावर दोनच ओळी होत्या: "वैनींना परत पाठवा. तोपर्यंत जुने मशीन मिळणार नाही."

शौकतभाईंनी वाचलं. दादूनं वाचून घेतलं. म्हणाला, "आनि काय पायजे? ह्यात सगळं आलं!" खाली सगळ्यांनी सह्या केल्या. हौसाक्कानं अंगठा दिला.

आठव्या दिवशी मुंबईहून सामंत नावाचे साहेब हजर. शर्ट खोचलेला, हातात बॅग, चेहरा उतरलेला. दारातूनच हात जोडून म्हणाले, "हे बघा, काहीतरी गैरसमज आहे. आमच्या ऑफिसात तुमच्या कुणाच्याही वहिनी आलेल्या नाहीत! आम्ही सगळीकडे चौकशी केली. आमच्या शिपायाला सुद्धा विचारलं!"

दादूनं त्यांना बसवलं, दूध दिलं आणि बोट धरून जुन्या मशीनकडं नेलं. वैनी कोण ते कळल्यावर साहेबांनी जो सुस्कारा सोडला, तो मला सायकलच्या पंक्चरसारखा वाटला!

मग त्यांनी समजावलं. नव्या खेळात रंग चौपट, आवाज चौपट, शिवाय हेलिकॉप्टर. या सगळ्याला मशीनच्या आत जागा लागते. जागा ठरलेली. मग काहीतरी काढावं लागतं. "बाईंना तसं काही काम नव्हतं," साहेब म्हणाले.

"काम नव्हतं?" हौसाक्का उठलीच. "मग दार कोन उगडत हुतं?"

दादू म्हणाला, "हेलिकॉप्टरला जागा हाय, आनि घरच्या बाईला न्हाई! पावणं, कुनी ठरिवलं हे? लगीन झाल्यालं हुतं का त्येचं?"

साहेबांनी दूध संपवलं. जाताना एवढंच म्हणाले, "माझ्या हातात काही नाही. गुरुवारी टेम्पो येईल."

*

गुरुवारी टेम्पो आला. ड्रायव्हर एकटाच, कोल्हापूरला नवा. त्यानं कोपऱ्यावर पत्ता विचारला तो नेमका हौसाक्काला.

"शौकतभाईंचं दुकान? ते बावड्याला गेलं की!"

तो कसबा बावड्याला गेला. तिथं साखर कारखान्याच्या रस्त्यावर दादूचा मेव्हणा उभाच होता. त्यानं सांगितलं, दुकान उघडायला वेळ आहे, तोवर जेवून घ्या. तांबडा रस्सा झाला, पांढरा झाला, पुन्हा तांबडा झाला. ड्रायव्हर झाडाखाली झोपला तो उन्हं उतरल्यावर उठला. एवढ्या लांबून आलेल्या पावण्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून मेव्हण्यानं टेम्पोत गुळाच्या दोन ढेपा घातल्या.

मुंबईला ऑफिसात सगळे जुन्या मशीनची वाट बघत होते. गूळ चांगला होता, असं नंतर कळलं!

*

पुढच्या गुरुवारी सामंत साहेब स्वतःच टेम्पोत बसून आले. एक वाजायला थोडा वेळ होता. दुकानात आम्ही सगळे होतो. कुणी ठरवून आलेलं नव्हतं, पण कुणी घरीही राहिलं नव्हतं.

साहेब दमलेले दिसत होते. माझ्याकडं वळून म्हणाले, "नाना, मशीनच्या मागच्या कुलपाची किल्ली द्या. आतलं तपासल्याशिवाय नेता येत नाही."

मी म्हणालो, "न्हाई."

दादू पुढं कित्येक वर्षं सांगायचा की जन्मात नाना एवढ्या झटकन कधी बोलला नाही!

"अहो, कागदावर शौकतभाईंची सही आहे."

शौकतभाई म्हणाले, "सही माजी हाय. किल्ली त्याची हाय."

साहेब बाकड्यावर बसले. म्हणाले, "मला एक सांगा. नव्यात रंग जास्त, डाव जास्त, आवाज जास्त. अख्ख्या महाराष्ट्रातून कुणाची तक्रार नाही. तुमचंच असं काय आहे?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. शेवटी मी एवढंच विचारलं, "साहेब, तुम्ही जुनं कधी खेळलाय?"

त्यांनी मशीनकडं बघितलं. मग म्हणाले, "नाही. मी फक्त पोचवतो."

मी नाणं टाकलं आणि बाजूला झालो.

साहेबांनी बॅग खाली ठेवली आणि हँडल धरलं. हलेना! दुसरा हात लावला. पहिल्यांदा कोल्ह्यानं लगेच धरलं. दुसऱ्यांदाही. मी आणखी एक नाणं टाकलं. हौसाक्काला ते बघवेना. शत्रू झाला म्हणून काय झालं, कोंबड्या अशा धरलेल्या तिला सोसत नाहीत. ती मागून म्हणाली, "पळू नगा. कोपऱ्यात जावा. आता हुबं ऱ्हावा. ऱ्हावा म्हनते न्हवं! येत्यात त्या."

साहेब उभे राहिले. कोंबड्या यायला लागल्या. एक, दुसरी, तिसरी. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण पुसायला त्यांनी हात काढला नाही. टोपली भरली.

दार उघडलं.

दुकानात एकदम शांत झालं. दादूनं बटण लावलं. साहेबांनी दचकून मागं बघितलं, आम्हा सगळ्यांकडं बघितलं, आणि मग पुन्हा काचेकडं. वैनींनी दोनदा हात हलवला. दार बंद झालं. पुढचा डाव सुरू झाला, पण साहेबांचे हात हँडलवर तसेच होते. कोल्ह्यानं मुरगूडकरला धरलं तरी तसेच.

तेवढ्यात एकचा भोंगा झाला.

दादूनं साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. पैलवानाचा हात, पण ठेवला असा की झोपलेल्या म्हाताऱ्याला उठवावं. "चला पावणं. भाईर बसू. पाच मिंटं आत काम हाय."

"कसलं काम?"

दादू त्यांना घेऊन बाहेर गेला. शौकतभाई गेले, हौसाक्का गेली. दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

मी नाणं टाकलं. एकदा कोल्हा अगदी जवळ आला. मग कोंबड्या आल्या, टोपली भरली.

मागं काहीतरी जड ओढल्याचे आवाज येत होते. दुकानाला बाजूला दुसरं दार होतं, त्यातून कोण येतंय, कोण जातंय, तिकडं मी वळून बघितलं नाही.

मी बाहेर आलो तेव्हा टेम्पोत मशीन चढवून दोरी बांधून झाली होती. नवं मशीन. त्याच्यावर तांबडी कोंबडी बसून होती आणि हौसाक्का चाकावर पाय देऊन तिला खाली घ्यायला बघत होती. सामंत साहेब पायरीवर बसून दादूच्या पेल्यानं दूध पीत होते. ओठांवर पांढरी मिशी उमटली होती.

मला बघून ते उठले. पेला खाली ठेवला. दादू ऐकणार नाही असं अगदी हळू विचारलं, "आल्या होत्या?"

मी म्हणालो, "आल्त्या."